टॅबला दोन स्टार, फोनच्या टेबलाला पाच : ठाण्यातल्या एका 'मेंदू क्लब'चा रिव्ह्यू

हा क्लब म्हणजे रिटायर झालेल्या लोकांनी सकाळी जमायचं आणि डोकं चालतं ठेवायचं ठिकाण. आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ लावते. पाचपैकी साडेतीन. जे ते जाहिरातीत दाखवतात, म्हणजे टॅबवरचे गेम, रंगीत ग्राफ, 'स्मरणशक्ती वाढवा' वगैरे, त्याला मी दोनच्या वर देणार नाही. आणि जाहिरातीत ज्याचा उल्लेखसुद्धा नाहीये अशा एका टेबलासाठी मी पुढच्या तिमाहीचे पैसे भरून मोकळी झालेय.

क्लबचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारी पण आहेत आणि मला या वयात कोणाशी भांडण नकोय. पोखरण रोड नंबर दोनच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावर, इतकं पुरे. घोडबंदरला आणि वाशीला पण मी चौकशी केली होती, पॅकेज साधारण तेच, टॅब, योगा, महिन्याला टेस्ट, मधे चहा, त्यामुळे तुमच्या जवळच्या क्लबला हा रिव्ह्यू बऱ्यापैकी लागू पडेल.

मी कोण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी एमटीएनएलची, म्हणजे मुंबईच्या सरकारी टेलिफोन कंपनीतली. आधी ऑपरेटर, मग १९८ वर, म्हणजे फॉल्ट कंप्लेंट. 'डायल टोन येत नाही' हे वाक्य मी जितक्या आवाजांत ऐकलंय तितकं ठाण्यात कोणी ऐकलं नसेल. ३१ जानेवारी २०२० ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती, घेऊन बाहेर पडले. त्या दिवशी बीएसएनएल आणि एमटीएनएल मिळून देशभरात ९२ हजारांच्या वर लोक एकदम घरी गेले, अट होती वयाची पन्नास पूर्ण, म्हणजे कित्येकांची साठी अजून लांब होती. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. बाकीचे लोक रिटायर झाल्यावर अष्टविनायक करतात, आम्ही कोथिंबीर मिठाच्या पाण्यात धूत बसलो.

तर मला एकेकाळी नंबरचे सुरुवातीचे आकडे ऐकले की एरिया कळायचा, २५४० म्हटलं की ठाणे, २७८२ म्हटलं की वाशी, आणि सकाळी कंप्लेंट लिहून घेतलेल्या माणसाचा आवाज संध्याकाळी परत आला तर नाव विचारायला लागायचं नाही. घरी बसल्यावर काही वर्षांत असं व्हायला लागलं की सिलिंडरवाल्याला सांगायचा ओटीपी मोबाइलमधून दारापर्यंत जाईस्तोवर मधला एक आकडा गळायचा. शेजारणीच्या सुनेचं नाव आठवायचं नाही, पण तिच्या माहेरचं आडनाव आठवायचं. मुलगा पुण्याला असतो, फोनवर मी एकच गोष्ट परत सांगितली की तो गप्प व्हायचा, मला ते बरोबर कळायचं, फोनवरची शांतता ओळखण्यातच आयुष्य गेलंय. शेवटी त्यानेच हे क्लबचं शोधून काढलं आणि पहिल्या तिमाहीचे साडेचार हजार भरून टाकले, मला विचारायच्या आत.

आता क्लब. रिसेप्शनला एक माहितीपत्रक देतात, गुळगुळीत कागद, वर पांढरे केस असलेलं एक गोरं जोडपं हसतंय (ठाण्यात हसणारं जोडपं मिळालं नाही का यांना). त्यात लिहिलंय की साठीनंतर 'प्रत्येक दुसऱ्या व्यक्तीला' स्मृतिभ्रंशाचा धोका. वाचून माझे हातपाय गार. नंतर वाचत गेले तर वेगळंच. आपल्या देशात ज्येष्ठांचा सगळ्यात मोठा सर्व्हे म्हणजे लासी, तो आपल्या इथल्या देवनारच्या आयआयपीएस या लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेने केला, २०१७-१८ च्या पहिल्या फेरीत ४५ च्या पुढचे ७२ हजारांहून जास्त लोक होते. त्यातल्याच साठीच्या पुढच्या काही लोकांची नीट, सविस्तर तपासणी करून जो आकडा निघाला तो ७.४ टक्के. हे पण कमी नाहीये, देशभरात जवळपास ८८ लाख माणसं होतात, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यात शहरापेक्षा जास्त. पण तेरा-चौदा जणांत एक आणि दोघांत एक यात फरक आहे ना. घाबरवून मेंबर करायची ही पद्धत मला आवडली नाही, मी काउंटरवर सांगितलं पण, त्या मुलीने 'हो आंटी, फॉरवर्ड करते' म्हणून सांगितलं. पत्रक अजून तेच आहे.

मग टॅब. प्रत्येकाला एक टॅब, नंबर लावलेला, त्यावर गेम. पत्ते उलटे करून जोड्या लावा, पळणारे मासे मोजा, वेगळा रंग पकडा. आठवडाभर मजा येते, नाही म्हणणार नाही. एक रेल्वेतले काका आहेत, मोटरमन होते, ते माशांच्या गेममध्ये सगळ्यांना हरवतात आणि मग चष्मा पुसत बसतात जसं काही झालंच नाही. पण मासे मोजून माशांतच हुशार होतो माणूस. माझी लेव्हल वाढत गेली आणि ओटीपीचा आकडा गळायचा तो गळतच होता. यावर अमेरिकेत मोठा प्रयोग झालाय, ६५ च्या पुढचे २,८३२ लोक घेऊन, अॅक्टिव्ह नावाचा. एका गटाला पाठांतराच्या युक्त्या, एकाला तर्काचे प्रश्न, एकाला स्क्रीनवर झटपट बघण्याचा सराव, प्रत्येकी दहा सेशन. दहा वर्षांनी परत बघितलं तर तर्कवाले आणि झटपटवाले आपापल्या कामात अजून थोडे पुढे होते, पाठांतरवाल्यांचा फायदा मात्र उरला नव्हता. म्हणजे अगदीच बोगस नाही, पण जे शिकवलं तेच सुधारतं, आणि क्लबवाले विकतायत नेमकं मेमरी. लुमोसिटी नावाचं एक मोठं गेमचं अॅप आहे, त्यांनी वयाबरोबर येणारा विसर टळतो वगैरे जाहिरात केली म्हणून २०१६ मध्ये अमेरिकेच्या सरकारी आयोगाशी तडजोड करून २० लाख डॉलर भरावे लागले. आपल्याकडे कोण विचारतंय.

महिन्याची टेस्ट हा तर वेगळाच प्रकार. भिंतीवर स्पीकर, त्यातून एक रेकॉर्ड केलेला आवाज दहा शब्द वाचतो, आपण लगेच सांगायचे, मग गप्पा, मग थोड्या वेळाने परत सांगायचे. पद्धत चुकीची नाहीये, जगभर असंच मोजतात. पण दर महिन्याला तेच दहा शब्द! झरा, कंदील, मामा, वीट... मला आता झोपेत पण येतात. आणि मग ग्राफ दाखवतात की बघा आंटी, तुमची मेमरी वाढली. अहो मेमरी नाही वाढली, पेपर फुटलाय.

त्यात तो स्पीकर एसीच्या बरोबर खाली. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं काय? आमच्यात एक काका आहेत, वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीत आयुष्यभर प्रेस मशिनवर काम केलेलं, कान गेलेले, त्यांना दहातले तीन शब्द आले आणि रिपोर्टमध्ये लाल रंग. घरी सून काय समजली असेल ते सांगायला नको. मी १९८ वर बसलेली बाई आहे, लाइनमध्येच डिस्टर्बन्स असेल तर एक्स्चेंजला दोष देऊन काय उपयोग? मी त्यांच्यासमोर बसून तोंड दिसेल असं, सावकाश, वेगळे दहा शब्द म्हटले, काकांनी सात सांगितले. आणि ऐकू कमी येणं ही साधी गोष्ट नाहीये, लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, जी १४ टाळता येण्यासारखी कारणं काढली त्यात ऐकू कमी येणं आहे, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, एकटेपणा, डिप्रेशन, दिसायला कमी होणं हे पण आहे, आणि ते म्हणतात की या सगळ्यांवर काम केलं तर ४५ टक्क्यांपर्यंत केसेस टळू शकतात किंवा लांबू शकतात. साडेचार हजार घेणाऱ्या क्लबने आत घेतानाच कान आणि डोळे तपासून घ्या म्हणून सांगायला काय हरकत आहे. काकांनी नंतर कानाचं मशिन लावलं, क्लबने सांगून नाही, त्यांच्या मुलीने सांगून.

एक चांगलं म्हणजे मेंदूविकाराच्या एका डॉक्टरांचं व्याख्यान ठेवलं होतं, त्या बाईंनी सरळ सांगितलं की विसर पडतोय म्हटल्यावर आधी बी-१२ आणि थायरॉईड बघा, झोप बघा, मन उदास आहे का बघा, झोपेच्या गोळ्या किती वर्षं चालू आहेत ते बघा, यातलं बरंचसं सुधारता येतं. शाकाहारी घरात बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं. माझंही कमीच निघालं, इंजेक्शनं घेतली, बरं वाटलं. आणि त्याच व्याख्यानातून बाहेर आलं की रिसेप्शनवर 'मेंदूवर्धक' कॅप्सूलच्या बाटल्या मांडलेल्या, साडेसातशे रुपये, मेंबरला दहा टक्के सूट. डॉक्टरबाईंनी त्या बघितल्या का नाही माहीत नाही, मी मात्र त्यांचा चेहरा बघायला थांबले होते.

आता मुद्द्याचं. टेस्ट आणि टॅब सोडून या क्लबमध्ये जे होतं ते फार चांगलं आहे आणि ते का चांगलं आहे हे मला आमच्यातल्या बँकवाल्या साहेबांमुळे कळलं. हे साहेब चीफ मॅनेजर म्हणून रिटायर झाले, अजून शर्ट इन करून येतात, कायम हातात काहीतरी प्रिंटआऊट. त्यांनी एकदा चहाच्या वेळी वाचून दाखवलं, लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून एक अभ्यास चालू आहे, व्हाइटहॉल नावाने. त्यातल्या ३,४३३ लोकांना रिटायरमेंटच्या आधी १४ आणि नंतर १४ वर्षांपर्यंत बघितलं. वय वाढतंय म्हणून जेवढी घट होणार ती बाजूला काढली तरी ऐकलेले शब्द लक्षात ठेवायची ताकद नोकरीत असताना ज्या वेगाने कमी होत होती त्यापेक्षा रिटायर झाल्यावर ३८ टक्के जास्त वेगाने कमी व्हायला लागली. पण फक्त तीच! तर्क, हिशोब, पटापट शब्द सुचणं, यावर रिटायरमेंटचा काही परिणाम दिसला नाही. २०१८ ला छापून आलंय.

साहेब इथपर्यंत अगदी खणखणीत आवाजात वाचत होते. पुढचं वाक्य होतं की वरच्या हुद्द्यावरच्या लोकांना नोकरीत असेपर्यंत त्या हुद्द्याचं संरक्षण मिळतं, त्यांची घट हळू असते, पण रिटायर झाले की ते संरक्षण संपतं. साहेब थांबले, चष्मा काढला, म्हणाले 'असं आहे एकंदर'. मोटरमन काका म्हणाले, 'साहेब, केबिन गेली ना, आता या आमच्यात.' इतकं हसलो आम्ही, साहेब पण हसले, थोडं उशिरा.

दुसरा एक पेपर २०१० चा, रोहवेडर आणि विलिस या दोघांचा, त्यांनी अमेरिका, इंग्लंड आणि युरोपातले बरेच देश शेजारी शेजारी ठेवून बघितलं. फ्रान्स, ऑस्ट्रियासारख्या ठिकाणी लोक साठीच्या आत काम सोडतात, अमेरिका, स्वीडनमध्ये उशिरा, आणि जिथे लवकर सोडतात तिथे पन्नाशी ते साठी या काळात शब्दांच्या टेस्टचे मार्क जास्त पडलेले. हीच दहा शब्द दोनदा सांगायची टेस्ट, बरं का. पण मला त्यातलं खरं पटलं ते वेगळंच, ते म्हणतात की माणूस खुर्चीत असतानाच रिटायर व्हायला लागतो, पुढे लवकर सुटायचंच आहे म्हटल्यावर नवीन काही शिकायची गरजच वाटत नाही. आता हे तर आपण डोळ्यांनी बघितलंय! 'दोनच वर्षं राहिलीत, आता काय ते नवीन सॉफ्टवेअर शिकायचं, त्या नव्या पोरीला दे', हे वाक्य ठाण्यातल्या कुठल्या ऑफिसात ऐकलं नाही सांगा. राज्य सरकारचे ५८ ला, केंद्राचे आणि बँकेचे ६० ला, पण डोक्याने लोक त्याआधीच निरोपसमारंभ करून मोकळे झालेले असतात.

हे ऐकून आम्हा व्हीआरएसवाल्यांनी तोंडं पाडली. मग साहेबांनीच दुसरी बाजू पण काढली (बँकेचा माणूस, दोन्ही बाजू जुळल्याशिवाय झोप येत नाही). अमेरिकेत कंपन्या अधूनमधून अशीच लवकर निवृत्तीची ऑफर देतात, म्हणजे आपली व्हीआरएसच, त्या ऑफरमुळे बाहेर पडलेल्यांवर २०१२ मध्ये एक अभ्यास आला, त्यात ऑफिसात बसणाऱ्यांच्या मेंदूवर काही वाईट परिणाम दिसला नाही, आणि अंगमेहनतीचं काम करणाऱ्यांचं तर थोडं बरंच झालेलं दिसलं. प्रेस मशिनवाल्या काकांनी लगेच हात वर केला. त्यांचं म्हणणं, आवाज गेला, शिफ्ट गेली, झोप लागायला लागली, डोकं आता जास्त चालतं. शिवाय कोंबडी आधी का अंडं आधी तो प्रश्न आहेच, ज्यांचं आधीपासूनच थोडं सुटत चाललंय तेच लवकर रिटायरमेंट घेतात असंही असू शकतं. तेव्हा 'रिटायर झालात म्हणून मेंदू गेला' असं सरसकट म्हणणं बरोबर नाही, काय काम सोडलं आणि सोडून काय करताय यावर बरंच आहे.

आता ते टेबल. क्लबच्या मागच्या खोलीत एक साधा डेस्क फोन आणि एक रजिस्टर आहे. सुरुवात अशी झाली की नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याचा सीझन असतो, पेन्शनर लोकांना ठाऊक आहे, नाही दिला तर पेन्शन अडकतं. २०१४ पासून जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला ऑनलाइन, आलंय, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतं, पण मोबाइल समोर धरून पापण्या मिटायच्या सांगितल्या की आपले लोक तोंड पण मिटतात आणि श्वास पण. तर क्लबने मेंबरांनाच बसवलं मदतीला. मी बसले. आणि मग ते टेबल नोव्हेंबरनंतर पण चालू राहिलं, कारण लोक फोन करतच राहिले, अमक्या फॉर्मला कुठला पुरावा लागतो, टीएमटीचा, म्हणजे ठाण्याच्या बसचा, सवलतीचा पास कुठे काढायचा, सिव्हिलला डोळ्यांचा विभाग कुठे. शिवाय रोज सकाळी जे मेंबर आले नाहीत त्यांना फोन करायचा, का नाही आलात, बरं आहे ना.

मला हे काम दिलं तेव्हा पगार नाही, चहा फुकट. पण मंडळी, या कामाला लेव्हल नाहीये, कोणीतरी वाट बघतंय. पलीकडे एक माणूस आहे जो मी सांगितलेली खिडकी नंबर चुकली तर उन्हात उभा राहणार आहे. त्यामुळे मी लक्षात ठेवते. प्रत्येकाची भानगड वेगळी, कोणाचं आधारवरचं नाव वेगळं आणि पेन्शन बुकावरचं वेगळं, कोणाचे अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत, रोज काहीतरी नवीन विचारावं लागतं, तहसील कार्यालयात एक, बँकेत दुसरं, आणि दोन्हीकडे आपल्यालाच डोकं लावायचं. गेल्या आठवड्यात एका आजींनी फोन केला, मी त्यांना म्हटलं, तुमच्या मुलीचं चालत होतं ना बाळंतपणाचं, काय झालं? त्या म्हणाल्या, अगं तुला कसं लक्षात! आता कसं ते मला पण माहीत नाही, पण राहिलं.

हे माझ्या एकटीचं मत म्हणून धरा, माझी काही टेस्ट कोणी घेतलेली नाही (ती दहा शब्दांची सोडून). बी-१२ ची इंजेक्शनं पण त्याच दिवसांत चालू होती, तेव्हा श्रेय कोणाला द्यायचं ते देवाला माहीत. पण नोकरी सुटल्यावर जे जातं ते काम नाही जात, दुसऱ्याला आपली गरज असणं जातं, आणि टॅबला माझी काही गरज नाहीये.

मोडी लिपीचा वर्ग पण आहे, शनिवारी. त्याला चार स्टार. शिकवणारे सर कडक आहेत, वही तपासतात, चुकलं की लाल रेघ, 'वय झालंय हो सर' हे चालत नाही. साहेबांना एकदा पूर्ण पान परत लिहायला लावलं. अवघड आहे, हात वळत नाही, अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडतात, पण तासभर दुसरं काही सुचत नाही हे नक्की. आमच्यातल्या दोघी आता घरातली जुनी कागदपत्रं काढून वाचायचा प्रयत्न करतायत, एकीला आजोबांच्या जमिनीचा कागद सापडला, त्यावरून भावाशी बोलणं बंद झालं, तो भाग वेगळा.

योगा ठीक. संगीत ठीक, पण कायम तीच जुनी गाणी लावतात, आम्ही काही कृष्णधवल काळातले नाही, मला नवीन पण आवडतात.

स्टाफबद्दल. मुली चांगल्या आहेत, मनाने करतात, पण कोणीतरी त्यांना सांगा की साठीच्या माणसाशी बालवाडीतल्या पोरासारखं बोलायचं नसतं. 'चला आजी, छान छान, टाळ्या!' अगं माझं वय साठ आहे, मी तुझ्या आईपेक्षा थोडीच मोठी असेन. साहेबांना तर एकीने 'गुड बॉय' म्हटलं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, पण त्या दिवशी चहा न घेता गेले.

वेळ हा मोठा प्रॉब्लेम आहे, विशेषतः बायकांना. सकाळी दहा ते एक. या वेळात घरात कोण असतं? नातू शाळेतून येणार असतो, सुनेचा डबा, बाई येणार असते. म्हणून इथे पुरुष जास्त आणि बायका मोजक्या, आणि ज्या आहेत त्या बहुतेक माझ्यासारख्या, मुलं बाहेरगावी असलेल्या. लासीचा आकडा बायकांचा जास्त आहे म्हणतात तर दुपारी तीनची बॅच त्यांच्यासाठी काढायला नको का? आम्ही अर्ज दिलाय, सह्यांसकट. बघू.

जागा : पहिला मजला, लिफ्ट आहे पण छोटी, लाइट गेली की जिना, आणि जिन्याला कठडा एकाच बाजूला. बाथरूम स्वच्छ, आत धरायला दांडे आहेत, याला पूर्ण मार्क. पावसाळ्यात गल्लीत पाणी साचतं, रिक्षावाले आत येत नाहीत. स्टेशनवरून यायचं तर शेअर रिक्षा सगळ्यात बरी, बसने आलात तर स्टॉपपासून पाचेक मिनिटं चालावं लागतं. चहा बरा, बिनसाखरेचा वेगळा ठेवतात. बिस्किटं मात्र कायम तीच मारीची, महिन्यातून एकदा तरी बटाटेवडा आणा म्हणून पण अर्ज दिलेला आहे, त्यावर सह्या दुपारच्या बॅचपेक्षा जास्त आल्या.

पैशाची गोष्ट. साडेचार हजार तिमाही हे पेन्शनवर जगणाऱ्याला जड आहे. फुकटातले पर्याय नाहीत असं नाही. वाचायची सवय असेल तर ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभं आहे, वर्गणी अगदी मामुली, आणि तिथे रोज येणारे लोक गप्पांना पण चांगले. नवी मुंबईत राहत असाल तर महापालिकेची विरंगुळा केंद्रं आहेत, वाशी-नेरुळकडे बऱ्याच सेक्टरमध्ये दिसतात. माझ्या नणंदेचे यजमान नेरुळच्या एका केंद्रात जातात, तिथे कॅरम आणि पेपर आणि राजकारण, बाकी काही नाही, पण ते तिथला हिशोब लिहितात आणि दोन रुपये जुळले नाहीत तर रात्री जेवत नाहीत. त्यांचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं चालतं.

कोणी घ्यावं : जे घरात एकटे आहेत, किंवा ज्यांचं रिटायर झाल्यापासून सकाळी उठून कुठे जायचं हेच संपलंय. कोणी घेऊ नये : ज्यांना घरच्यांनी 'तुम्ही हल्ली विसरता' म्हणून जबरदस्ती पाठवलंय, आणि ज्यांचं खरंच रोजच्या व्यवहारात अडायला लागलंय, रस्ता चुकतो, पैशाचा हिशोब लागत नाही, गॅस चालू राहतो. त्यांनी क्लबच्या आधी डॉक्टर, इथली लाल-हिरवी टेस्ट म्हणजे तपासणी नव्हे.

मुलांनो, आईवडिलांना भेट म्हणून देणार असाल तर आधी त्यांना विचारा. माझ्या मुलाने विचारलं नाही, पहिला आठवडा मी त्याच्यावर चिडून होते.

वार्षिक पॅकेज घेऊ नका, ते आग्रह करतील, त्यात टॅब घरी नेता येतो असं सांगतील, नको म्हणा. तिमाही घ्या. एक दिवस ट्रायलला जा, टॅबच्या हॉलमध्ये नाही, मागच्या खोलीत जाऊन बसा, आणि विचारा की मेंबरांकडे काय काय कामं दिलीयत. काहीच नसेल तर परत या. यूपीआय चालतं, चेक पण घेतात. पावतीवर 'नॉन रिफंडेबल' बारीक अक्षरात छापलंय, पण आम्ही चार-पाच जणांनी मिळून विचारलं तेव्हा आजारपणात महिना पुढे ढकलून देतात असं कळलं, ते मात्र त्याच पावतीवर पेनाने लिहून घ्या.